डॉक्टरीणबाईंचं सेंट

ताइनान शहरात देवळामागच्या बोळात बोंग-ची मावशीची माशाच्या पेजेची गाडी होती. उजाडायच्या आत तिचा टोप चुलीवर असायचा, आणि कामावर निघालेली माणसं लाकडी बाकड्यांवर खांद्याला खांदा लावून बसायची. पेज उत्तम आणि जीभ तिखट, असा तिचा लौकिक होता. कोणी घाई केली तर म्हणायची, "मासा मेलाय बाबा, आता पळून नाही जायचा."

तिचं नावच मुळात टोमण्यासारखं होतं. बोंग-ची म्हणजे 'झालीच आहे तर जगू दे'. नकुशीच म्हणा ना. पाचवी मुलगी झाल्यावर बापानं ते नाव ठेवलं आणि सात वर्षांची झाल्यावर तिला शहरातल्या कोह डॉक्टरांच्या घरी विकून टाकलं. जपान्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मोठ्या घरांतून अशा विकत घेतलेल्या पोरी राबायच्या, आणि वयात आल्या की मालक कुठेतरी लग्न लावून द्यायचा.

डॉक्टरीणबाई तेव्हा नव्यानंच लग्न होऊन आलेल्या. ग्योक-लान त्यांचं नाव. मुलींच्या हायस्कुलात शिकलेल्या, गोऱ्या, बारीक अंगाच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, असलं नाव माझ्या घरात नको, आणि पोरीचं नाव चुन-ह्योंग ठेवलं. वसंतातला सुगंध, असा त्याचा अर्थ. पोरीला वाटलं, नशीब उघडलं. मग तिला परसातली मोरी दाखवण्यात आली आणि घासायला डेगी देण्यात आल्या.

काम पुष्कळ होतं, पण मार फारसा नव्हता. बाईंची मुलगी हुईबिन जन्मली तेव्हापासून ती चुन-ह्योंगच्या पाठीला फडक्यानं बांधलेली असायची. तिला तसंच पाठीवर घेऊन पोर भांडी घासायची, कपडे धुवायची. आणि संध्याकाळी, सगळी कामं आटपल्यावर, तिला आवडणारं एकच काम असायचं. बाई तयार व्हायला आरशासमोर बसल्या की मागे उभं राहून त्यांच्या गळ्याशी असलेली कापडी बटणं लावायची. बटणं लागली की बाई खणातून एक चपटी कुपी काढायच्या. फ्रान्सचं सेंट. काचेचं बूच कानामागे, मग गळ्याला, मग मनगटांना. निशिगंध आणि मोगरा एकत्र कुटून त्यावर मध ओतावा तसा दाट, ऊन वास. पोरीला तो सायीसारखा जिभेवर लागायचा. डॉक्टर बाहेर जायला निघाले की दारातून विचारायचे, "लावलंस का?" बाई म्हणायच्या, "लावलं." पोरीला वाटायचं, किती जीव आहे यांचा बायकोवर.

त्या कुपीला हात लावायचा नाही असं तिला बजावलेलं होतं, आणि तिनं कधी लावलाही नाही. मात्र बाई खोलीतून गेल्या की ती पाठीवरच्या हुईबिनसकट तिथे उभी राहायची आणि छाती भरून श्वास घ्यायची. तिच्या बालबुद्धीनं तिनं एक ठरवून टाकलं होतं. ज्याच्या अंगाला हा वास येतो त्याला कोणी 'ए पोरी' म्हणत नाही.

ती चौदा वर्षांची असताना एका दुपारी सगळं परस त्या वासानं भरून गेलं. मोरीत कुपीच्या काचा पडल्या होत्या. डॉक्टर दवाखान्यातून आत आले आणि त्यांनी विचारलं, हे काय? बाईंनी बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हिनं. चोरून लावत असणार, आणि हातातून पडली."

पोर म्हणाली, मी नाही. दुसऱ्यांदाही म्हणाली. मग बाईंनी पिसांच्या झाडणीचा वेत उलटा धरला आणि तिच्या पोटऱ्या फोडून काढल्या. डॉक्टर बघत उभे होते. पोलिसात देऊ का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, नको, लग्न लावून टाका. मारताना बाईंचे ओठ पांढरे पडले होते. पोरीला वाटलं, कुपी त्यांच्या फार जिवाची असणार. त्यांचा खरंच गैरसमज झालाय. मांजरानं पाडली असेल आणि त्यांना वाटतंय मीच पाडली. चूक होते माणसाची.

ही एवढी समजूत घेऊन ती समुद्रकाठच्या बेमेनच्या मिठागरात लग्न होऊन गेली.

नवरा तिच्या दुपटीहून मोठा. रागीट होता, पण सदा रागावलेला असायचा असंही नाही. मात्र मध्यस्थानं लग्न ठरवताना सगळं सांगितलेलं असल्यानं पोटात दारू गेली की तो तिला चोरटी म्हणायचा. मिठाचा एक दाणा इकडचा तिकडे झाला तरी सासू तिच्याकडे बघायची. दोन मुलगे पाळण्यातच गेले. तिसरी मुलगी, आसेह, तेवढी जगली. त्या भागातल्या विहिरींचं पाणीच खराब होतं. तिथल्या पुष्कळ माणसांचे पाय काळे पडायचे, बोटांपासून वरवर कुजत जायचे. नवऱ्याचे पडले. आधी बोटं कापली, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. वास असा की शेजारीपाजारी घरावरून जाताना नाकाला हात लावायचे. त्या जखमा ती रोज सकाळी धुवायची. आणि धुताना ती डोळे मिटून तो दुसरा वास आठवायची. कानामागे, गळ्याला, मनगटांना. आठवता आठवता तिला तो खरंच यायचा. त्यावर तिनं ती वर्षं काढली, असं ती नंतर लेकीला सांगायची.

नवरा गेल्यावर लेकीला घेऊन ती ताइनानला परतली आणि पेजेची गाडी टाकली. कोह डॉक्टरांच्या रस्त्याला मात्र ती कधी गेली नाही. डॉक्टर वारले, मुलगा अमेरिकेला गेला, घराचा पुढचा भाग मोटरसायकलच्या दुकानाला दिला, असं गिऱ्हाइकांच्या तोंडून कानावर यायचं. कोणी डॉक्टरांच्या घराण्याची स्तुती केली की ती गप्प राहून वाट्या विसळायची.

आसेह शिकली आणि एका मोठ्या चारमजली दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर लागली. एकदा ती आईला हट्टानं दुकान दाखवायला घेऊन गेली. मावशी अवघडून चालत होती, पायातल्या चपला चमकत्या फरशीवर चटचट वाजत होत्या. काउंटरवर एक मुलगी गिऱ्हाइकाला कागदाच्या पट्टीवर सेंट लावून दाखवत होती. मावशी तिथेच थांबली. आसेह चार पावलं पुढे जाऊन मागे आली. तिनं आईला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हे कुठलं?" मावशीनं विचारलं.

फ्रान्सचं जुनं सेंट होतं. इतकी वर्षं उलटली तरी ते अजून निघत होतं. आसेहनं नाक मुरडलं. हे फार जड आहे, आता म्हाताऱ्या बायकाही घेत नाहीत, डोकं उठतं, त्यापेक्षा तुला हलकंसं लिंबाचं देते, असं ती समजावू लागली. मावशीनं ऐकून घेतलं आणि कमरेच्या पिशवीतून पैसे काढले. लेकीला ते घेऊ दिलं नाही. स्वतःच्या पैशानं घेतलं.

घरी आल्यावर तिनं हातपाय साबणानं धुतले, धुतलेला झगा घातला आणि आरशासमोर बसली. कानामागे, गळ्याला, मनगटांना. मग तशीच बसून राहिली. पहिल्या क्षणी वास तोच होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण थोड्या वेळात तो फिरला. तिच्या अंगात इतक्या वर्षांचा मासा, लसूण आणि चुलीचा धूर मुरलेला होता. त्याच्यात मिसळून फुलं आंबूस झाली, फुलदाणीतलं पाणी चार दिवस बदललं नाही की येतो तसा वास यायला लागला. तिनं आणखी लावलं. ते आणखी आंबलं. आरशात तीच होती, रुंद गालांची, उन्हानं रापलेली. तिला काय अपेक्षित होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. पण ते झालं नाही एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी गाडीवर एका रिक्षावाल्यानं दोन घास खाऊन चमचा खाली ठेवला. "मावशी, आज पेजेत फुलं उकडली काय?"

बाकडंभर लोक हसले. दुसरा म्हणाला, "मावशी लग्न करतायत वाटतं." नेहमी टोमण्याला टोमणा परतवणारी मावशी त्या दिवशी नुसती पळीनं टोप ढवळत राहिली. गिऱ्हाइकं लवकर उठली, टोपात पेज उरली.

दुसरं कोणी असतं तर कुपी ठेवून दिली असती. मावशीनं मनाशी वेगळाच हिशेब मांडला. हा वास गाडीवरचा नाहीच, तिनं ठरवलं. तो त्या घरातला आहे. तिथे लावून जायला हवा. बाई अजून जिवंत होत्या. त्यांच्यासमोर एकदा जाऊन उभं राहायचं, त्यांच्याच वासानं, आपल्या पैशानं घेतलेल्या. त्या म्हणतील, बस गं. आणि मग ती सांगेल की बाईसाहेब, ती कुपी मी फोडली नव्हती. त्या म्हणतील, असेल बाई, चूक झाली माझी. बस, एवढंच.

आसेहनं विरोध केला. "आई, त्या बाईनं तुझ्या पोटऱ्या फोडल्या आणि तू तिला फळं घेऊन चाललीस?"

"रिकाम्या हातानं जाऊ?" मावशी म्हणाली.

डोंगरावरच्या मोठ्या नासपतींची करंडी घेऊन, शिवून घेतलेला गडद निळा झगा घालून ती गेली. सेंट तिनं मापात लावलं नव्हतं. बसमध्ये शेजारच्या बाईनं खिडकी उघडली. घराच्या पुढच्या भागात मोटरसायकली उघडून ठेवल्या होत्या, आणि बोळातून मागच्या दारापर्यंत काळं तेल सांडलेलं होतं. दार हुईबिननं उघडलं. पन्नाशीला आलेली, चष्मा लावणारी, औषधाच्या दुकानात काम करणारी बाई. लग्न न करता आईजवळच राहिलेली. मावशीनं तिच्या चेहऱ्यात ते पाठीवरचं पोर शोधलं, पण ते सापडलं नाही. फार पूर्वी मी तुमच्या घरी कामाला होते, बाईंना भेटायला आले, एवढंच तिनं सांगितलं. हुईबिननं नम्रपणे आत घेतलं. आईला मोतीबिंदूनं दिसत नाही, मधूनमधून भानही नसतं, तेव्हा मनावर घेऊ नका, असं तिनं आधीच सांगून ठेवलं.

बाई खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. केवढ्याशा झाल्या होत्या. गुडघ्यावर शाल होती. मावशी दोन पावलं पुढे झाली आणि वाकून नमस्कार करणार, एवढ्यात म्हातारीनं मान वर केली. नाकपुड्या फुलल्या. हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "इथपर्यंत आलीस? माझ्या घरात?"

मावशीला वाटलं, ओळखलं. तिचा ऊर भरून आला. "हो बाईसाहेब."

"तो मेला. आता काय न्यायला आलीस?"

हुईबिन पुढे आली आणि म्हणाली, आई, या पाहुण्या आहेत. म्हातारीनं तिचा हात झटकला.

"पाहुणी कसली, कॅफेतली भवानी. मला वास कळत नाही होय गं? तुझ्यासाठी एक बाटली आणायचा आणि माझ्यासाठी एक. दोघींना एकच. का, तर घरी आल्यावर त्याच्या कोटाला तुझा वास आला तरी कोणी बोट दाखवू नये म्हणून. रोज दारात उभा राहून विचारायचा, लावलंस का. मी रोज तुझा वास अंगाला फासून बसायची." त्यांना धाप लागली. "ओतली मी तुझी बाटली. मोरीत ओतली आणि आपटून फोडली."

पुढच्या दुकानात कोणीतरी मोटरसायकल सुरू करून बघत होतं. मावशीनं करंडी खाली ठेवली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मग त्यांना काय सांगितलंत?"

"सांगितलं पोरीनं फोडली. होती एक पोर."

"ती मार खात होती तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं?" म्हातारी चिडून म्हणाली. "मीच मारत होते. मारलं नसतं तर त्याला पटलं असतं का?"

"तिचं नाव काय होतं?"

म्हातारीनं बराच विचार केला. तिला खरंच आठवायचं होतं असं दिसलं. मग तिनं मान हलवली. "गेली ती मिठागरात. तिचं तुला काय करायचंय?"

"ती पोर मीच बाईसाहेब," मावशी म्हणाली. "मीच ती."

आंधळे डोळे तिच्या दिशेनं वळले. म्हातारी किंचित हसली, लबाडी पकडल्यासारखी. "हट. मोलकरणीच्या अंगाला कुठून येईल हा वास?"

त्यानंतर त्या ओरडू लागल्या, हिला बाहेर काढा, हा वास गळा दाबतोय माझा. हुईबिननं खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि मावशीला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. तिनं पुन्हा पुन्हा क्षमा मागितली. मग अवघडून म्हणाली की जमलं तर इथे नळावर ते जरा धुऊन टाका, नाहीतर आई रात्रभर झोपणार नाही. तिनं भांड्यांचा साबण पुढे केला. मावशी ओणवी झाली आणि गळा, कानामागे, मनगटं चोळचोळून धुतली. नव्या झग्याचा पुढचा भाग भिजला. वास गेला नाहीच, साबणात मिसळून आणखी उग्र झाला. हुईबिननं स्वच्छ पंचा आणून दिला. स्वभावानं ती वाईट नव्हती.

"ताई," मावशी म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ना आत? मी चोरी केली नव्हती."

हुईबिननं चष्मा काढून पुसला. "नसेल केली मावशी. पण आई काय बोलते त्याचा काही भरवसा नाही. आणि आता इतकी वर्षं झाली. जाऊ द्या ना."

मावशी बसनं न जाता चालत घरी आली.

आसेहला सगळं कळल्यावर ती भांडायला निघाली होती. कॉलर धरून सगळ्या गल्लीसमोर विचारते, म्हणाली. मावशीनं तिला बसवलं. कोणाची कॉलर धरणार, ती म्हणाली, आंधळ्या म्हातारीची? तिनं ती कुपी लेकीच्या हातात ठेवली आणि डोळ्यांसमोरून ने म्हणून सांगितलं. आसेहनं ती कोणाला दिली ते तिनं विचारलं नाही.

तिला झोप लागेना ती मारामुळे नाही. मार जुना झाला होता. पण बाईंची चूक झाली असेल, असं म्हणत तिनं नवऱ्याचं 'चोरटी' ऐकून घेतलं होतं, सासूची नजर सोसली होती. त्या चुकीवर तिनं राग धरला नव्हता. उलट बाईंची मनातल्या मनात दयाच केली होती. आता ती दयाही हातची गेली. आणि पाय धुताना डोळे मिटून जो वास तिनं आठवला होता, तो एका बाईनं ओकारी दाबून अंगाला लावलेला होता. तिला आता तो आठववत नव्हता. त्याच्या जागी काही ठेवायलाही तिच्यापाशी नव्हतं.

दोनेक महिन्यांनी हुईबिन पत्ता काढत गाडीवर आली. बाकड्याच्या टोकाला अंग चोरून बसली, पेज मागितली, चांगली आहे म्हणाली. मग कामाचं बोलली. आईला सांभाळणारी बाई सोडून गेली होती. नवीन कोणी टिकत नाही. तुम्हाला घर माहीत आहे, आईच्या सवयी माहीत आहेत. या वयात पहाटे उठून गाडी ओढण्यापेक्षा सावलीतलं काम बरं. पगार चांगला देऊ. "फक्त ते सेंट लावू नका म्हणजे झालं," ती भाबडेपणानं म्हणाली.

मावशीनं पळी टोपात ठेवली. बाकीची गिऱ्हाइकं खाली मान घालून खात होती, पण ऐकत होती.

"तू चार वर्षांची होईस्तोवर माझ्या पाठीवर होतीस," ती म्हणाली. "माझ्या पाठीवर मुतायचीस. मला वाटायचं, ही पोर मोठी झाली की मला विसरणार नाही. तुझ्या आईनं मला चोर म्हणून घालवली, आणि तू मला म्हणतेस, परत ये, पण वास न लावता."

हुईबिनचे कान लाल झाले. "माझं तसं म्हणणं नव्हतं मावशी."

"तुझं काहीच म्हणणं नव्हतं. तिथेच तर सगळं अडतं." मावशीनं पुढच्या माणसाची वाटी घेतली. "पेज गार होतीये. खा, नाहीतर ऊठ. माणसं उभी आहेत."

हुईबिन अर्धी वाटी टाकून उठली. मावशीला बरं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. त्या संध्याकाळी तिनं आसेहशी कपडे वाळत घालण्यावरून भांडण काढलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरीणबाई वारल्या. अमेरिकेहून मुलगा आला, मोठा मांडव घातला, गावातली चांगली चांगली माणसं गेली. मावशीला कोणी कळवलं नाही, आणि कळवलं असतं तरी ती गेली नसती.

एक मात्र बदललं. गाडीवर कोणी कोह घराण्याचं कौतुक काढलं की आता ती गप्प बसायची नाही. वाट्या विसळता विसळता मोठ्यानं सांगायची, त्या बाईनं माझ्यावर खोटा आळ घेतला, स्वतः कुपी फोडली आणि मला मिठागरात घालवलं. नवी गिऱ्हाइकं चमकून बघायची. जुन्यांना ते पाठ झालं होतं. काहींना खरं वाटायचं, काहींना वाटायचं म्हातारपणी माणूस असं काहीबाही बोलतं. कोणी उलट विचारलं नाही, कोणी पुढेही विचारलं नाही. पेज पीत पीत ते माना हलवायचे, आणि ती बोलायची थांबली की वाटी पुढे करून वर थोडं आलं घाल म्हणायचे.